नॉर्वेतली वेगळी चूल

आक्काताई मगदूम थंडीत परदेशी जाणार, ही बातमी तासगावात पसरवायला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. ती आक्कानंच पसरवली. देवळात सांगितली, बेदाण्याच्या सौद्यात सांगितली, दात दाखवायला गेली तर डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितल्यावर आधी तीच सांगितली. तिची धाकटी जाऊ मागच्या वर्षी सिंगापूरला जाऊन आली होती आणि तिथून आणलेली पर्स लग्नकार्यात मांडीवर घेऊन बसायची. आक्का म्हणायची, "सिंगापूर काय, आता शेजारी जतला गेल्यागत झालंय. माझा लेक मला नॉर्वेला न्यायलाय. तिथं आभाळात हिरवं पडदं हलत्यात म्हणं. पर्समध्ये घालून आणता यायचं न्हाईत, एवढंच."

आक्काची शाळा दुसरीतच सुटली होती. अक्षराला अक्षर लावून वाचायची. सही मात्र अशी ठसठशीत ठोकायची की बँकेतला माणूस सरळ होऊन बसायचा. नवरा गेल्यावर बेदाण्याची शेड तिनं एकटीनं उभी केली. आता त्या शेडची छतं ढग आले की आपोआप मिटत होती, द्राक्षं उलटवायला यंत्रं होती आणि कारभार तिच्या मुलाच्या, शीतलच्या हातात होता. घरात मात्र भाजी कुठली होणार इथपासून अंघोळीला आधी कोण जाणार इथपर्यंत शब्द आक्काचाच. गाव तिला आक्का म्हणायचं, नातसुद्धा आक्काच म्हणायची. सून त्रिशला तेवढी सासरच्या रीतीप्रमाणं आत्ती म्हणायची, तेही खाली बघून.

सहलीची टूम काढली नातीनं. चंदना पुण्यात शिकत होती आणि सुट्टीला घरी आली की काहीतरी नवं काढायचीच. पहिली अडचण जेवणाची निघाली. मगदूम जैन, आणि आक्का सूर्य बुडाल्यावर तोंडात कण घालायची नाही. चंदनानं शोधलेल्या गावात ऐन थंडीत सूर्य उगवतच नव्हता.

"उगवत न्हाई म्हंजे?" आक्कानं विचारलं.

"म्हणजे नाहीच येत वर. दीडदोन महिने."

"मग मी जेवू कवा? होळीला?"

"अगं पण आक्का, उगवतच नाही, तर मावळतोय कुठं? जेव की खुशाल."

"उगवला न्हाई म्हंजे मावळलेलाच की गं! महावीरांपुढं वकिली करतीस व्हय?"

शीतल हसला. त्रिशलाही हसली, पण आक्कानं मान वळवल्यावर तिनं पोळीचा डबा उघडला आणि पोळ्या मोजायला लागली. शेवटी थोडं दक्षिणेकडचं एक किनाऱ्यावरचं गाव निघालं. तिथं जानेवारीच्या अखेरीला सूर्य थोडा वेळ का होईना, डोकं वर काढायचा आणि आभाळातले हिरवे पडदेही दिसायचे. गाव ठरलं. राहिलं घर.

घर निवडायला चंदनानं 'मुक्काम' मागवला. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी हेच यंत्र होतं. मनगटाला बांधायचे पातळ पट्टे, ते ठेवायची एक तबकडी, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी बोलणारी डबी. सहलीला जायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी पट्टे घालून नेहमीसारखं वागायचं. मग मुक्काम सांगायचा, कुठलं घर घ्या.

त्यामागचं शास्त्र साधं होतं, पण माणसाला उघडं पाडणारं होतं. हृदय काही घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित लवकर पडतात, सोडला की किंचित उशिरा. माणूस निवांत असला म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर असं झोपाळ्यासारखं मागंपुढं होत राहतं. भीती वाटली, दडपण आलं की झोपाळा थांबतो. ठोके एकसारखे, ताठ पडायला लागतात. हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. नवं सापडलं ते असं, की एका घरात राहणाऱ्या माणसांचे झोपाळे एकमेकांना ओढतात. दोघं सुखानं शेजारी बसली तर त्यांची ये-जा हळूहळू जुळते. पण एक जण दुसऱ्याला दबून असला, तर दबणाऱ्याचा झोपाळा थांबतो आणि दाबणाऱ्याचा खुशाल हलत राहतो. दाबणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

पट्टा हे ठोके टिपायचा. कातडीवरचा बारीक घाम टिपायचा, गळ्यातल्या सुराची थरथर टिपायचा, आणि कुठला पट्टा कुठल्या पट्ट्याजवळ आला तेही. शब्द ऐकत नसे. एवढं गोळा झालं की मुक्काम घरातल्या प्रत्येकाचं एक आकड्यांचं माणूस बनवायचा. ती आकड्यांची माणसं तो त्या गावातल्या एकेका घरात सोडायचा, आठवडाभर राहायला लावायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बघायचा, कुठल्या घरात यांचे झोपाळे हलते राहतात. यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की सहली खोल्या वाईट असल्यामुळं बिघडत नाहीत. भिंती चुकीच्या जागी असल्यामुळं बिघडतात.

काही दिवस पट्टे घालून झाल्यावर चंदनानं मुक्कामाचं पहिलं उत्तर दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलं. समुद्राला लागून एक पांढरं घर आलं. शीतल, त्रिशला आणि चंदना, तिघांसाठी. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, बर्फात एकटंच उभं असलेलं लाल लाकडी घर. छोटी खोली, गरम फरशी, समुद्राकडं खिडकी, कोपऱ्यात शेगडी. ते आक्कासाठी.

आक्का त्या शेगडीकडं बघत राहिली.

"ती चूल हाय न्हवं?"

"आक्का, ते छोटं किचन आहे. चहापाण्याला."

"चूलच की. घर वेगळं, चूल वेगळी." तिनं शीतलकडं बघितलं. "वेगळं काढायलंय व्हय रं मला हे डबडं? इथं जमलं न्हाई तर तिथं बर्फात न्हेऊन?"

"तसं नाही गं आई. सोय असते."

"सोय! तुझ्या आज्ज्याला चुलत्यांनी वेगळं काढलं तवाबी सोयच म्हणत होते. उद्या तुझी काकू देवळात इचारंल, आक्का, कुठं उतरला होता? तर काय सांगू? लेक-सून वाड्यात आन् मी राखणदाराच्या खोलीत?"

चंदनानं दुसरं घर मागितलं. मुक्कामानं दुसरं दिलं, त्यातही आक्काची खोली अंगणापलीकडं. तिसरं मागितलं, तर आक्काला वरचा मजला आणि वेगळा जिना. कुठलंही घर घ्या, मधे भिंत होतीच, आणि भिंतीच्या पलीकडं आक्काच. का, ते मुक्काम सांगेना. एकाच्या अंगाची गोष्ट तो दुसऱ्याला सांगत नसे. ज्याची त्याला सांगायचा.

आक्काची तिला सांगायचा. संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच उरकून ती खोलीत गेली, की डबीवरचं बटण दाबायची. मुक्काम मऊ आवाजात म्हणायचा, "आक्काताई, तुमचं अंग मोकळं आहे. घरात कुणीही जवळ आलं तरी तुम्हाला ताण येत नाही. तुम्ही कुठंही, कुणाहीबरोबर सुखानं राहाल."

हे तिनं सगळ्यांना ऐकवलं. "बघा. माझं मन साफ हाय. यंत्र सांगतंय." आणि मग तिच्या डोक्यात चाक फिरलं. माझी कुणाला अडचण नाही, मला कुणाची नाही, तर मग मला बर्फात काढायला यंत्राला कुणी सांगितलं? शीतल तर आईच्या शब्दाबाहेर नाही. पोर आपली आहे. उरली कोण?

दुसऱ्या दिवशी देवळातल्या दोघी बायका पूजेचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या. त्रिशला चहा घेऊन आली, आणि आक्कानं त्यांच्यादेखत तिला विचारलं, "काय गं, कुठलं बटण दाबलंस?"

"कसलं, आत्ती?"

"मला वेगळं काढायचं."

त्रिशलानं कपबशा खाली ठेवल्या. "मी एकच घर मागितलंय, आत्ती. सगळ्यांना मिळून."

"आन् यंत्राला सपान पडलं! मांजर डोळं मिटून दूध पितंय, त्याला वाटतंय कुणाला दिसत न्हाई." आक्का बायकांकडं वळली. "घ्या चहा. साखर बघून घ्या, आमच्या सूनबाईंचा हात गोडाला आखडता असतोय."

बायका हसल्या, कारण आक्काच्या घरात आक्काच्या बोलण्यावर न हसणं अवघड. त्रिशला आत गेली. आक्काला वाटलं, बरं झालं, चोर सापडला.

पण यंत्र काही सुधारेना. तेव्हा आक्कानं स्वतःच इलाज केला. पट्टे अंघोळीच्या वेळी काढून तबकडीवर ठेवायचे. घरात जशी प्रत्येकाची पंचाची खुंटी ठरलेली, ताटाची जागा ठरलेली, तशी तबकडीवर पट्ट्याची खाचही ठरली होती. रंग सगळ्यांचा एकच, नाव तेवढं आतल्या बाजूला. त्रिशला अंघोळीला गेल्यावर आक्कानं दोन पट्ट्यांची अदलाबदल केली. तिचा हिशेब सरळ होता. सुनेनं आपल्या पट्ट्याला काय पढवायचं ते पढवलंय. वाया गेलेलं पोर आजीकडं दिल्यावर जसं ताळ्यावर येतं, तसा तो पट्टा आपल्या हातात आला की ताळ्यावर येईल. यंत्र बनवणाऱ्यांनी शंभर गोष्टींचा विचार केला होता, पण खाच सोडून कुणी दुसऱ्याचा पट्टा उचलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्रिशलानं तर आयुष्यात ठरलेली जागा सोडून काही उचललं नव्हतं.

त्या संध्याकाळी आक्कानं बटण दाबलं.

"आक्काताई," मुक्काम म्हणाला, "आज तुमचं अंग आवळलेलं आहे."

आक्का खुदकन हसली. सापडली! आपल्या नावाचा पट्टा आता तिच्या मनगटावर, म्हणजे हे बोलतंय ते आपलं नाही, त्रिशलाचं. तिनं डबी कानाशी नेली.

"सकाळी स्वयंपाकघरात सूनबाईंचं पाऊल वाजलं, तेव्हा तुम्ही श्वास धरून ठेवला. त्या बाहेर जाईपर्यंत सोडला नाही. तुमची बोटं गार पडली होती."

हसू ओठांवर तसंच राहिलं. सूनबाईंचं पाऊल. त्रिशलाचा पट्टा कुणाच्या हातात होता? पाऊल कुणाचं?

तिला सकाळ आठवली. ती आत गेली होती, भांड्यात डोकावली होती आणि म्हणाली होती, "जिरं करपलं वाटतं." बस्स. एवढंच. हे काय बोलणं झालं? घरात माणसानं तोंडाला कुलूप लावायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं तोंडाला कुलूप लावलं. मुद्दाम. स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, सुनेकडं बघून मान हलवली आणि बाहेर आली. स्वतःवरच खूश झाली. संध्याकाळी मुक्काम म्हणाला, "आक्काताई, आज सूनबाई काही बोलल्या नाहीत, तेव्हा तुमची धडधड कालच्यापेक्षा जास्त होती. बराच वेळ उतरली नाही." पुढं म्हणाला, "दुपारी त्या घराबाहेर गेल्यावर मात्र तुमचे ठोके सैल झाले. तुम्ही गुणगुणत होता. तुमचा गळा फार सुरेल आहे."

आक्का डबीकडं बघत बसली. त्रिशला गाते? चंदनाच्या जन्माआधीपासून ही बाई या घरात आहे. आक्कानं तिला भाजी निवडताना बघितलं होतं, बाळंतपणात बघितलं होतं, बापाच्या मढ्यापाशी रडताना बघितलं होतं. गाताना कधी नाही. म्हणजे ती गात होती, आक्का उंबऱ्याबाहेर गेली की. आणि शेडवरून परतणाऱ्या आक्काच्या गाडीचा आवाज आला की थांबत होती. किती वर्षं?

तिनं आणखी ऐकायला नको होतं. पण हाताला चटका बसल्यावरही माणूस पुन्हा पुन्हा तिथंच फुंकर घालतो, तशी ती रोज बटण दाबायला लागली. 'त्यांनी हाक मारली तेव्हा तुम्ही दचकलात.' 'त्या जेवायला शेजारी बसल्या, तेव्हा तुमचा घास अडला.' ते सगळं तिलाच उद्देशून, मायेनं, 'आक्काताई, आक्काताई' म्हणत. तिच्या बाजूनं आजवर कुणी इतक्या मायेनं बोललं नव्हतं, आणि ते सगळं तिच्या विरुद्ध होतं. दिवसा ती सुनेच्या मनगटाकडं चोरून बघायची. पट्टे परत बदलायला हवेत, हे कळत होतं. पण तबकडीपाशी गेली की हात पुढं होईना. परत बदलायचं म्हणजे आपण चोरून ऐकलं हे आपल्यापाशी तरी कबूल करणं आलं.

मग एका संध्याकाळी मुक्कामाचा आवाज बदलला. मऊच, पण सरळ.

"आक्काताई, तुमच्या वयाच्या माणसाला हे विचारणं मला नियमानं भाग आहे. या घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

आक्काच्या तोंडात 'नाही' आलं होतं. आक्काताई मगदूम आणि भीती! पण तो शब्द जिभेवर आला आणि तिथंच अडकला. प्रश्न तिला विचारलाच नव्हता. तो जिच्या अंगाला विचारला होता, तिचं उत्तर आक्काला आता पाठ झालं होतं.

"गप बस," ती डबीला म्हणाली आणि ती लुगड्यांच्या घडीत खुपसली.

सकाळी नाश्त्याची ताटं उचलायच्या आत दारात एक बाई उभी होती. तालुक्याच्या ज्येष्ठांच्या मदत कक्षातून आलेय म्हणाली. शबाना मुजावर. चप्पल बाहेर काढून, पाणी मागून घेऊन, घरच्यासारखी बसली.

"आक्काताई, तुमच्याशी एकटीशी बोलू का?"

"जे बोलायचं ते हितंच बोला. आमच्या घरात कुजबुज चालत न्हाई," आक्का म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला.

मुजावर मॅडमनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. "मुक्कामाकडून आम्हाला सूचना आलीय. आक्काताईंना घरात एका व्यक्तीची सतत भीती वाटते असं त्याला दिसतंय. त्यानं विचारलं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर तिथंच मिटलं असतं. त्या 'गप बस' म्हणाल्या. घाबरलेलं म्हातारं माणूस कधी हो म्हणत नाही हो. 'गप बस'च म्हणतं. म्हणून यावं लागलं."

"कुणाची भीती?" शीतलनं विचारलं.

"सूनबाईंची."

चंदना "काहीतरीच!" म्हणून हसली आणि मग आपण एकटीच हसतेय हे कळल्यावर थांबली. त्रिशला हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. असं काही अंगावर आलं की काही बोलायचं नसतं, हे तिला या घरानंच शिकवलं होतं.

शीतल बायकोकडं वळला. "त्रिशला," तो हळूच म्हणाला, "माझ्या मागं तू आईला काही बोलतेस का गं?"

आता आक्कानं तोंड उघडायचं होतं. एवढंच करायचं होतं. आणि ती गप्प बसली.

ती गप्प बसली कारण तिला एका क्षणात सगळं पुढचं दिसलं. देवळात बायका म्हणतील, बिचारी आक्का, एवढी वाघीण, पण सुनेनं आतून पोखरली. जाऊ पर्स बाजूला ठेवून विचारपूस करायला येईल. सुनेच्या माहेरचे हात जोडत येतील. यंत्रानं सांगितलंय म्हटल्यावर कोण खोटं म्हणणार? आणि आक्काला काही करायचंच नव्हतं, एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता. फक्त बसून राहायचं होतं. ती बसून राहिली. तिला ते सोपं गेलं. पुढं कितीतरी दिवस तिला मनात टोचत राहिलं ते हेच, की तेवढा वेळ ते किती सोपं गेलं होतं.

त्रिशलानं आक्काकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर आक्काला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. त्रिशला बघत होती ती गल्लीतल्या चावऱ्या कुत्र्याकडं पोर बघतं तशी. आज हे काय करणार, एवढंच.

"पट्टा तिचा हाय," आक्का म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

"माझ्या हातात हाय तो तिचा. तिच्या हातात माझा." तिनं मनगट पुढं केलं. "मी बदललं. ती अंघोळीला गेल्यावर. भीती माझी न्हाई हो. भीती तिची हाय. जिची वाटती ती मी."

बाहेर शेडची छतं सरकल्याचा आवाज आत आला. मुजावर मॅडमनी त्रिशलाचं मनगट हातात घेतलं, पट्टा उलटा करून नाव वाचलं. मग आक्काच्या मनगटाकडं बघितलं, पण ते हातात घेतलं नाही.

"आई, तू..." शीतल म्हणाला.

पुढं बोलली ती त्रिशला. ती तांब्या तसाच धरून, स्वतःशी बोलल्यासारखी बोलली. "हे काही दिवस मला यंत्र रोज सांगत होतं. त्रिशलाताई, तुमचं अंग आता मोकळं झालंय. तुम्हाला कुणाचाच ताण राहिला नाही." ती किंचित हसली. "आधी रोज उलटं सांगायचं. मला वाटलं, गेली भीती. कशी गेली कळलं नाही, पण गेली. मी देवापुढं साखर ठेवली."

चंदनानं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

आक्कानं मान खाली घातली. आयुष्यात तिनं सौद्यात व्यापाऱ्यांच्या नजरा झेलल्या होत्या, भाऊबंदांच्या शिव्या झेलल्या होत्या. मान कधी खाली गेली नव्हती. आता ती आपोआप गेली आणि वर येईना.

मुजावर मॅडम उठल्या. "माझं काम ज्येष्ठांचं. इथं ते संपलं," त्या म्हणाल्या. मग त्रिशलाकडं वळून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासाठी वेगळा कक्ष आहे, ताई. त्यांचा नंबर देऊन ठेवते. लागेलच असं नाही." आक्काच्या दिवाणखान्यात, आक्काच्या देखत त्यांनी तो नंबर दिला आणि त्रिशलानं तो घेतला. जाताना त्या आक्काला नमस्कार करून गेल्या. तो नमस्कार आक्काला शिवीपेक्षा जास्त लागला.

त्रिशला स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत राहिलं.

आक्का उठली. चार पावलं गेली आणि थांबली. पुढचं पाऊल फरशीवर वाजेल, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ते कुठपर्यंत जाऊन पोचतं आणि तिथं काय होतं, तेही. तिनं हात भिंतीला टेकला.

"त्रिशला," ती बाहेरूनच म्हणाली. "मी आत येऊ का?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशानं बांधलेल्या स्वयंपाकघरात यायला तिनं कुणाला विचारलं नव्हतं. पाणी थांबलं.

"आत्ता नको, आत्ती."

शीतलनं चमकून दाराकडं बघितलं. आक्का परत फिरली आणि दिवाणखान्यात होती तिथंच येऊन बसली. पट्टा मनगटावरून काढून तिनं शेजारी ठेवला.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून चंदना बोलली. "आक्का, घराचं आज सांगायचंय. नाहीतर ती दोन्ही घरं जातील. का जायचंच नाही आता?"

"जायचं की," शीतल घाईनं म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं. एकच मोठं घर घे. काय होत नाही. त्रिशलाचंही तेच म्हणणं होतं."

"तू गप," आक्का म्हणाली. "तुला कुणी इचारलं न्हाई." मग नातीकडं न बघता म्हणाली, "तिला इचार."

"आईला? आईचं मुक्कामानं सांगितलंच की आता सगळं."

"त्यानं अंगाचं सांगितलं. अंगाला नको, तोंडाला इचार. ती काय म्हणती ते घे."

चंदना तशीच बसून मोठ्यानं म्हणाली, "आई, घर कसं घेऊ?"

आक्काला वाटलं, आता म्हणेल, तुमचं ठरेल ते. इतकी वर्षं तेच म्हणत आली. किंवा म्हणेल, एकच घे, आत्तींना वाईट वाटेल. आणि तसं म्हणाली तर? तर आक्काला ते खरं मानून बसायची लाज वाटली असती आणि खोटं मानायचीही.

"दोन घे," त्रिशला म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तो खाली बघून काढलेला नव्हता, हे भिंतीआडूनही कळत होतं.

"ते लालवालं, शेजारचं?" चंदनानं विचारलं.

"नको." ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा लांबचं असेल तर बघ."

शीतल अर्धवट उठला, आईकडं बघून परत बसला. चंदनाचा अंगठा फोनच्या पडद्यावर थांबला होता. ती आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"घे," आक्का म्हणाली.

"आक्का, नक्की?"

"घे म्हटलं न्हवं."

तिचे कान तापले होते. पदर ओढून घेतला तरी गालांची आग झाकेना. पोरापुढं, नातीपुढं असं बसवेना. उठून आपल्या खोलीत जावं आणि दार लावून घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण तिच्या खोलीची वाट स्वयंपाकघराच्या दारावरून जात होती.

आक्का तिथंच बसून राहिली.